पांढरा पट्टा बांधण्यापूर्वी

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की दप्तर, गणवेश आणि वह्यांच्या पाठोपाठ आणखी एक कागद घरात येतो. शाळेच्या सभागृहात किंवा जवळच्या मंगल कार्यालयात भरणाऱ्या कराटे वर्गाचे ते पत्रक असते. त्यावर हवेत उडी घेऊन लाथ झाडणाऱ्या मुलाचे चित्र असते. आत्मसंरक्षण, एकाग्रता, शिस्त आणि आत्मविश्वास ही चार आश्वासने असतात. आणि खाली भ्रमणध्वनी क्रमांक. मुलगी हट्ट धरते. आई मनातून अनुकूल असते, कारण सायंकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलीची काळजी तिलाच अधिक असते. वडील शुल्क विचारतात. आजी विचारते, अहिंसा पाळणाऱ्या घरात मारामारीचे शिक्षण कशासाठी? तिघांचेही म्हणणे रास्त आहे आणि पत्रकात त्यांपैकी एकाच्याही शंकेचे उत्तर नसते.

आजीचा प्रश्न सर्वांत जुना, म्हणून त्याचा विचार प्रथम व्हावा. कराटेचा उगम जपानच्या मुख्य भूमीवर झालेला नाही. जपानच्या नैर्ऋत्येस असलेल्या र्‍युक्यू द्वीपसमूहातील ओकिनावा बेटावर ही विद्या वाढली. र्‍युक्यू हे एकेकाळी स्वतंत्र राज्य होते आणि समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापारावर ते पोसलेले होते. चीनच्या फुजियान प्रांताशी त्याचा नित्य संबंध असे. माल आणि नजराणे ज्या वाटेने येत-जात, त्याच वाटेने तिकडची हस्तयुद्धाची विद्याही आली आणि स्थानिक पद्धतीत मिसळली. व्यापारी कुटुंबांना ही गोष्ट विशेष वाटू नये. पेढीच्या वाटेने केवळ मालच येतो असे थोडेच आहे! विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसू आन्को या वृद्ध गुरूंनी ही विद्या ओकिनावाच्या शाळांत नेली आणि 1908 मध्ये तिचे प्रयोजन सांगणारे एक पत्र तेथील शिक्षण खात्याला लिहिले. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन हे व्यवसायाने शाळामास्तर होते. 1922 मध्ये त्यांनी टोकियो येथे प्रात्यक्षिक दाखवले आणि तेव्हापासून जपानभर तिचा प्रसार झाला. पूर्वी ‘चिनी हात’ अशा अर्थाने लिहिले जाणारे नाव पुढे ‘रिकामा हात’ या अर्थाच्या अक्षरांनी लिहिले जाऊ लागले, ते याच काळात.

कराटेत पहिला वार आपला नसावा, हे फुनाकोशींच्या शिकवणीतील एक मुख्य सूत्र होते. त्यांच्या परंपरेतील शोतोकान शैलीत नवशिक्याला जो पहिला ‘काता’ म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम शिकवतात, त्याचा आरंभही खाली अडवण्याच्या हालचालीने होतो. गृहस्थाच्या आचारात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार भेद मानले आहेत. बुद्धिपुरस्सर केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाला सर्वथा वर्ज्य. स्वतःच्या वा आश्रितांच्या रक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा त्याच्या बाबतीत निराळ्या तराजूत तोलली जाते. या दृष्टीने पाहता अडवण्यापासून सुरू होणारी विद्या आजीच्या घरात परकी ठरत नाही. तथापि एवढ्यावर आजीचे समाधान होऊ नये. सूत्र पुस्तकात असते आणि वर्ग मंगल कार्यालयात भरतो. तेथे दुसऱ्याला पाडल्यावर टाळ्या वाजतात की पडलेल्याला हात देऊन उठवले जाते, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी कोणा तरी वडीलधाऱ्याने वर्गात एक तास बसून पाहावे. एकदा पूर्वसूचना देऊन आणि एकदा न देता गेल्यास अधिक बरे. पालकांना आत बसू न देणारा वर्ग, कारण कितीही शास्त्रीय सांगितले तरी, त्याच क्षणी यादीतून वगळावा. बसल्यावर पाहण्याजोगे पुष्कळ असते. प्रशिक्षक मुलांना नावाने ओळखतो की ‘ए पिवळा पट्टा’ अशी हाक मारतो? चुकलेल्या मुलाचा पाय हाताने धरून जागेवर आणतो की काठीने टोचतो? शिक्षा म्हणून शंभर उठाबशा काढायला लावणे, गालफडात मारणे, लठ्ठ मुलाची सर्वांसमोर चेष्टा करणे ही ‘जपानी शिस्त’ असल्याचे काही ठिकाणी सांगितले जाते. ती जपानीही नाही आणि शिस्तही नाही. साठ मुलांमागे एक प्रशिक्षक आणि मोजणी करायला दोन तपकिरी पट्टेवाले विद्यार्थी, अशी स्थिती असेल तर मुलाची चुकीची सवय महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मुलींच्या बाबतीत, आणि खरे तर मुलांच्याही, आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या विद्येत शिकवताना अंगाला स्पर्श होतोच. पकड सोडवणे, खांदा वळवणे, कंबर सरळ करणे स्पर्शाविना शिकवता येत नाही. त्यामुळेच स्पर्श उघड्यावर, सर्वांसमक्ष आणि आधी सांगून व्हावा. कपडे बदलण्याची जागा वेगळी असावी. एकट्या मुलाला थांबवून घेणे, ‘खास सरावा’साठी घरी बोलावणे, पालकांना वगळून मुलीला रात्री संदेश पाठवणे यांपैकी काहीही घडले तर विचार करत बसू नये. 2012 चा पॉक्सो कायदा अशाच प्रसंगांतून अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या रक्षणासाठी आहे. समाजात बोभाटा होईल या भीतीने गप्प बसणारी कुटुंबे थोडी नाहीत. त्या मौनाचा लाभ कोणाला मिळतो हे त्यांना ठाऊक असते. गुरूला वाकून नमस्कार करणे हा वर्गाचा शिष्टाचार आहे. गुरूविषयी घरी काही सांगायचे नाही, असा शिष्टाचार जगातल्या कोणत्याही दोजोत नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. दोजो म्हणजे सरावाची जागा.

प्रशिक्षकाच्या पात्रतेचा शोध जरा अवघड आहे. भारतात कराटेच्या राष्ट्रीय म्हणवणाऱ्या संघटना अनेक आहेत, त्यांच्यात मान्यतेचे वादही होत आले आहेत आणि सुबक प्रमाणपत्र छापणे ही काही कठीण गोष्ट नाही. भिंतीवरच्या चौकटी मोजण्यापेक्षा दोन साधे प्रश्न विचारावेत. त्यांचे स्वतःचे गुरू कोण, आणि ते स्वतः अजून कोणाकडे शिकतात का? प्रामाणिक माणूस या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतो, कित्येकदा गरजेहून लांबलचक देतो. प्रथमोपचाराची पेटी कोठे आहे, हेही विचारावे. पेटी शोधायला पाच मिनिटे लागली तर ते उत्तरच समजावे.

शैलींच्या नावांत मात्र नवशिक्याने फार गुंतू नये. शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू आणि वादो-र्‍यू या चार प्रमुख शैली आहेत. त्यांत उभे राहण्याची पद्धत, श्वासाचा वापर, हालचालींची लांबी यांत भेद आहेत. ते भेद समजायला स्वतःलाच दोन-तीन वर्षे द्यावी लागतात. एवढेच विचारावे की सरावाच्या लढतीत प्रहार अंगाजवळ रोखला जातो की पूर्ण ताकदीने लागू दिला जातो. ओयामा मासुतात्सू यांनी स्थापन केलेल्या क्योकुशिन शैलीत आणि तिच्या शाखांत पूर्ण ताकदीची लढत असते. प्रौढांनी ती समजून-उमजून स्वीकारावी. आठ वर्षांच्या मुलासाठी ती नव्हे.

आता वडिलांचा प्रश्न. मालाचा दर विचारून आडत, हमाली, तोलाई आणि भाडे न विचारणारा व्यापारी बाजारात टिकत नाही. तोच व्यापारी कराटे वर्गात मासिक शुल्क विचारून निश्चिंत होतो, हे नवल आहे. मासिक शुल्काखेरीज गणवेश असतो, त्याला ‘गी’ म्हणतात. दर तीन-चार महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, तिचे शुल्क, प्रमाणपत्र आणि नवा पट्टा असतो. मग हातमोजे, नडगीचे संरक्षक, दातांचे कवच, छातीचे कवच, स्पर्धेचे प्रवेशशुल्क, प्रवास, उन्हाळी शिबिर आणि शेवटी काळ्या पट्ट्याची नोंदणी. वर्षाचा एकूण खर्च किती, त्यातले सक्तीचे काय आणि ऐच्छिक काय, हे आरंभीच लिहून घ्यावे. वर्षभराचे शुल्क एकरकमी भरल्यास सवलत मिळते हे खरे. पण मुलाने दुसऱ्या महिन्यात सोडले तर पैसे परत मिळतील का, हेही त्याच कागदावर यावे. पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्याला देणेच शहाणपणाचे.

पट्ट्यांविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहेत. रंगीत पट्टे प्राचीन नाहीत. श्रेणीची कल्पना ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांची. फुनाकोशींनी ती उचलली आणि 1924 मध्ये आपल्या काही शिष्यांना प्रथमच ‘दान’ श्रेणी दिली. काळ्या पट्ट्यापूर्वीच्या श्रेणींना ‘क्यू’ म्हणतात. त्या दहा किंवा नऊपासून उतरत एकपर्यंत येतात आणि तेथून पुढे दान एकपासून चढत जातात. कोणत्या क्यूला कोणता रंग, हे प्रत्येक संघटना आपापले ठरवते. एका वर्गातील हिरवा दुसऱ्या वर्गात निळा असू शकतो. पहिल्या दानला ‘शोदान’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच आरंभीची पायरी असा आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस नेमाने येणाऱ्यास तेथवर पोहोचायला साधारण चार-पाच वर्षे लागतात. दोन वर्षांत काळ्या पट्ट्याची हमी देणारा वर्ग पट्टा देईलही. पट्टा विकत मिळतोच. परीक्षेत कधी कोणी अनुत्तीर्ण होतो का, हे जुन्या पालकांना विचारावे. कोणीच होत नसेल तर ती परीक्षा नसून वर्गणी आहे.

पदकांचेही तसेच. एकाच दिवशी वय, वजन आणि पट्टा यांचे शेकडो गट पाडले की तीन मुलांच्या गटात तिघांनाही पदक मिळते आणि वर ‘राष्ट्रीय’ असे छापलेले असते. दिवाणखान्यातील कपाटात ते शोभते, त्याला हरकत नाही. मात्र दहावी-बारावीच्या क्रीडागुणांची आशा त्यावर ठेवायची असेल तर कोणती स्पर्धा ग्राह्य धरतात, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात आधी विचारावे. ऑलिंपिकचे स्वप्न दाखवणाऱ्यांबाबत एवढेच पुरे की कराटेचा समावेश टोकियो 2020 च्या स्पर्धेत, जी प्रत्यक्षात 2021 मध्ये झाली, प्रथमच झाला आणि पॅरिस 2024 मध्ये तो खेळ नव्हता. आशियाई क्रीडास्पर्धांत मात्र तो 1994 पासून आहे.

पहिल्या महिन्यांत मूल काय शिकेल, याची कल्पना नसल्याने पुष्कळ मुले कंटाळतात. चित्रातली उडती लाथ दूरच राहते. उभे राहणे, चालणे, मूठ वळणे आणि जपानी भाषेत इची, नी, सान, शी, गो असे आकडे मोजत तीच हालचाल पन्नास वेळा करणे, यातच पहिले दिवस जातात. याला ‘किहोन’ म्हणतात. मग काता, आणि बऱ्याच काळाने ‘कुमिते’ म्हणजे जोडीदाराबरोबरची लढत. पहिल्याच आठवड्यात कुमिते लावणाऱ्या वर्गात मुलांना मजा येते आणि नाकातून रक्तही येते.

साधी मूठ हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. बहुतेक मुले अंगठा बोटांच्या आत लपवतात. अशा मुठीने जोरात आघात केल्यास इजा अंगठ्याला होते, समोरच्याला नव्हे. अंगठा बाहेरून बोटांवर आडवा यावा, मनगट पुढच्या हाताशी सरळ रेषेत राहावे आणि आघात तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन सांध्यांनी व्हावा. पायांबाबत गुडघा हे मर्मस्थान आहे. पुढचा पाय वाकवून लांब उभे राहण्याच्या स्थितीत गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने राहिला पाहिजे. तो आत कलंडला की सांध्यावर पिळवट येते. आज ती जाणवत नाही, काही वर्षांनी जाणवते. प्रशिक्षक याकडे लक्ष देतो का, हे बाकावर बसलेल्या पालकालाही दिसू शकते. अंग गरम होण्याआधी जोडीदाराकडून पाय ताणून घेणे, पाठीवर बसून मुलाला खाली दाबणे, लहान मुलांकडून कौले किंवा फळ्या फोडून घेणे, यांचा कराटेशी जितका संबंध आहे त्याहून अधिक संबंध संमेलनातल्या टाळ्यांशी आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला कोवळा भाग अशा आघातांना तयार नसतो.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये मुलांच्या युद्धकलांविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. आघाताविना होणारा सराव अधिक सुरक्षित असतो आणि डोक्यावरचे शिरस्त्राण मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यापासून वाचवतेच असे समजू नये, हे त्यातील सांगणे येथील पालकांनाही तितकेच लागू आहे. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, ओकले किंवा त्याला झोप आवरेनाशी झाली तर त्या दिवशी सराव बंद आणि थेट डॉक्टर. दमा, फिट किंवा हृदयाचा काही त्रास असल्यास प्रशिक्षकाला लेखी कळवावे. मुलाला संकोच वाटेल म्हणून लपवू नये.

बहुतेक वर्ग सायंकाळी सहा ते आठ या वेळात भरतात आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात तेथेच पहिली अडचण येते. भरल्या पोटी सराव झाला की मळमळ होते. जेवणानंतर दोन तास जावे लागतात. म्हणून सकाळची किंवा शनिवार-रविवारची तुकडी मिळते का, ते आधी पाहावे. ते जमत नसेल तर शाळेतून आल्यावर चार वाजता खिचडी, डाळ-भात किंवा भाकरी-भाजी असे पूर्ण अन्न आणि सरावाला जाताना भरपूर पाणी, असा क्रम लावता येतो. रात्री पाणीही न घेणाऱ्या मुलाला सायंकाळच्या घामाच्या सरावाला घालू नये. पर्युषणात मुलाने उपवास किंवा एकासन धरले असेल तर त्या दिवशी त्याने वर्गात बसून केवळ काता पाहावा. समंजस प्रशिक्षक याला ना म्हणत नाही, फक्त त्याला आधी कळायला हवे. ताकदीसाठी अंडी आवश्यक आहेत, असे सांगणारे काही वर्गांत भेटतात. डाळी, हरभरा, शेंगदाणे, दूध आणि पनीर पोटभर खाणाऱ्या मुलाचे त्यावाचून काही अडत नाही. हातमोजे आणि सरावाच्या गाद्या कृत्रिम कापडाच्याही मिळतात. चामड्याच्या नकोत, हे खरेदीपूर्वी सांगावे.

आईची काळजी राहिली, आणि तीच खरी जोखमीची. वर्षभर कराटे शिकलेली बारा वर्षांची मुलगी रस्त्यावर एखाद्या दांडग्या माणसाशी दोन हात करू शकेल का? प्रामाणिक उत्तर आहे, नाही. वर्गातला जोडीदार ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ठरल्या हाताने वार करतो. रस्त्यावरचा माणूस मागून येतो, केस धरतो, बरोबर दुसरा असतो, हातात सुरी असते. या गोष्टींचा वेगळा सराव न देता ‘आत्मसंरक्षण’ हा शब्द पत्रकावर छापणे म्हणजे रिकाम्या डब्यावर तुपाची चिठ्ठी लावणे होय. आणि पिवळ्या पट्ट्याच्या भरवशावर मुलगी काळोख्या गल्लीतून एकटी येऊ लागली, तर वर्गाने तिला आधीपेक्षा अधिक धोक्यात टाकले असे म्हणावे लागेल.

तरीही मुलीला या विद्येतून मिळण्यासारखे बरेच काही आहे. पोटातून ओरडण्याची सवय, ज्याला ‘किआई’ म्हणतात, ती अनेक मुलींच्या बाबतीत सर्वांत मोलाची ठरते, कारण घरात तिला हळू बोलायलाच शिकवलेले असते. समोरच्यापासून हातभर अंतर राखणे, त्याच्या खांद्याकडे लक्ष ठेवणे, घाबरले तरी पाय न गोठणे, मनगटाची पकड सुटली की क्षणही न थांबता पळणे, हे दोन-तीन वर्षांत अंगवळणी पडते. पळणे हा पराभव नव्हे असे वर्गात सांगितले जाते का, ते पाहावे. 112 हा आपत्कालीन क्रमांक आणि मुलांसाठीचा 1098 मुलीला पाठ हवेत. ते शिकायला कोणताही पट्टा लागत नाही.

हेच तरुण मुलांनाही सांगायला हवे, आणि त्यांना सांगणे अधिक कठीण असते. दिवसाची रोकड घेऊन दुकानातून घरी परतताना कोणी शस्त्र दाखवले, तर पिशवी द्यावी. तपकिरी पट्ट्याने सुरी अडत नाही आणि गल्ला पुन्हा भरतो. कायद्याने प्रत्येकाला खाजगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. भारतीय न्याय संहितेत तो कलम 34 पासून पुढे मांडला आहे. मात्र संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. पडलेल्या माणसाला मारलेली शेवटची लाथ बऱ्याचदा न्यायालयात पोहोचते.

पत्रक मुलांसाठी असले तरी कित्येकदा मुलाला सोडायला आलेले वडीलच पुढे पट्टा बांधतात. पंचेचाळिशीत, गादीवर किंवा गल्ल्यावर दिवस काढणाऱ्या माणसाला कराटे वर्ज्य नाही. ओकिनावात वृद्धही सराव करतात. फक्त रक्तदाब, साखर आणि गुडघे यांची तपासणी आधी व्हावी, उभे राहण्याची स्थिती उंच ठेवावी आणि कमरेच्या वर लाथ नेण्याचा हट्ट सोडावा. काता मनापासून केला तरी घाम पुरेसा येतो. आपल्याच मुलाच्या मागे, पांढऱ्या पट्ट्यात, शेवटच्या रांगेत उभे राहण्याची तयारी मात्र हवी, कारण रांग वयाने लागत नाही.

पहिल्या दिवशी गी लागत नाही. सैल सुती पायजमा आणि सदरा पुरे. नखे कापलेली असावीत, पायाचीसुद्धा, कारण सराव अनवाणी होतो. कानातले, बांगड्या, गळ्यातली साखळी, हातातला दोरा घरीच काढून ठेवावा. चष्मा असल्यास प्रशिक्षकाला सांगावे. महिनाभर मूल टिकले तर गी घ्यावा, तोही मुलाच्या उंचीच्या मापाचा आणि एक आकार मोठा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. चुलतभावाचा जुना मिळत असेल तर त्याहून उत्तम.